शनिवारी बंद असणारी शाळा

(उमरेड येथे युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'आपल्या मुलांचं धार्मिक शिक्षण'. या विषयावर आपण बोलायला बसलो की दहा मिनिटांत मदरसा की कॉन्व्हेंट, उर्दू की मराठी असा वाद सुरू होतो आणि चहा आला की तो तिथेच संपतो. म्हणून आज मी सुरुवात आपल्या शाळांपासून करणार नाही. मुंबईत माझगावला सर एली कदूरी नावाची शाळा आहे, तिच्यापासून करते. ही शाळा मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी काढली. आपण ज्यांना यहुदी म्हणतो आणि वर्तमानपत्रं ज्यू म्हणतात, तेच हे लोक.

हाच विषय का, तेही सांगते. मी इथे शाळेत मराठी शिकवते. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत मला विचारलं, "मॅडम, यहुदी ही शिवी आहे का?" तिच्या भावाला क्रिकेट खेळताना कुणीतरी तसं म्हटलं होतं. आता उमरेडमध्ये यहुदी माणूस कुणी पाहिलाय? खाणीवर देशभरातून लोक आले, मिरचीच्या हंगामात कुठून कुठून व्यापारी येतात, त्यात यहुदी माझ्या तरी पाहण्यात नाही. माणूस आला नाही, पण शब्द मात्र मोबाइलवरून आला आणि शिवी होऊन आला. गाझातल्या मुलांचे हाल पाहून तुम्हाला राग येतो, मलाही येतो, आणि यायलाच हवा. पण तो राग एका सरकारवरचा आहे. तो कोकणातल्या तेल्याच्या पणतवंडांवर काढायचा असेल, तर आधी ते तेली कोण होते ते ऐका.

अलिबागजवळ नवगाव आहे. फार जुन्या काळी तिथे एक जहाज फुटलं आणि काही कुटुंबं वाचली, असं ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. आसपासच्या गावांत ती तेल गाळण्याचा धंदा करू लागली. कोकणी मराठी बोलायची, नेसणंही तिथलंच. फक्त शनिवारी घाणा बंद ठेवायची. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. आपल्यात पिंजारी आहेत, तांबोळी आहेत, बागवान आहेत, त्यातलंच हे एक. आडनावंही गावांवरून पडलेली: किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. ते स्वतःला म्हणवतात बेने इस्रायल. कुरआनात 'बनी इस्राईल' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हाला माहीत आहे. तेच हे नाव.

त्यांच्या बोलीत उपासाला रोजा म्हणत, प्रार्थनेला नमाज म्हणत आणि प्रार्थनाघराला मशीद. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्या मशिदीवरून पडलं, असं मुंबईचा इतिहास लिहिणारे अनेकजण सांगतात. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. बेने इस्रायलांमध्ये एक कथा सांगतात. कैद्यांनी आपली जात 'बेने इस्रायल' सांगितली, तेव्हा टिपूच्या आईनं मुलाला विनवलं, की कुरआनात ज्यांच्याबद्दल इतकं वाचलं ते लोक पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसताहेत, यांना मारू नकोस. कथा आहे, पुरावा मागू नका. पण शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या माणसांनी आपल्याबद्दल काय आठवण जपली, ते त्यातून कळतं.

आता शिक्षणाकडे येते. या लोकांकडे ग्रंथ नव्हते. तौरात त्यांच्या घरात नव्हती, हिब्रू वाचता येत नव्हतं, धर्म शिकवणारा रब्बी नव्हता. काय उरलं होतं? शनिवार. मुलग्यांची सुंता. खाण्यापिण्याचे नियम. काही सण आणि उपास. आणि 'शमा' नावाचं, देव एकच आहे हे सांगणारं त्यांचं वचन. आपल्या कलम्यासारखंच समजा. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तेवढंच म्हणायचं. थोडा विचार करा, आपल्या हातातून सगळी पुस्तकं गेली आणि नुसता कलमा, खतना आणि दोन ईदी राहिल्या, तर आपण किती पिढ्या टिकू? हे टिकले. आणि टिकले ते सणांमुळे, कारण सण स्वयंपाकघरात असतो, आणि मूल तिथेच वाढतं.

सणांची नावं तर ऐका. त्यांच्या वर्षारंभाला जगभरचे यहुदी रोश हशाना म्हणतात. हे म्हणायचे 'नव्याचा सण'. पुढे भाताचं नवं पीक आलं की 'खिरीचा सण'. त्यांचा सर्वांत मोठा उपास योम किपूर. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसायचं, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', गोरगरिबांना द्यायचं आणि एकमेकांकडे जायचं. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून तो सरळ 'होळीचा सण', आणि त्या दिवशी पुरणपोळी. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण तो बिरड्यावर सोडायचा. आणि एका महिनाभराच्या उपासाला ते चक्क 'रमजान' म्हणायचे! कुठली भाषा कुणाची, हे ठरवत बसणाऱ्यांनी कोकणात एक चक्कर मारून यावी.

एका गोष्टीवर मी थोडी थांबते. त्यांच्यात मलिदा असतो. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, खोबरं, वेलची घालायची, ताटात भोवती फळं मांडायची, आणि एलियाहू हनाबीचं नाव घेऊन नवस फेडायचा. एलियाहू म्हणजे कोण? आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. अलिबागजवळ सागावच्या रस्त्याला खंडाळ्याला एका खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. तिथल्या उत्सवाला ही मंडळी उरूस म्हणत आली. दर्ग्यातला मलिदा तुम्ही खाल्लाय. तो बरोबर की चूक हा आपल्यातला जुना वाद आहे, त्यात मी आज पडत नाही. यहुद्यांचे रब्बीही बाहेरून आले तेव्हा मलिदा पाहून चकित झाले असणार, हे मात्र मला नेहमी वाटतं.

सण होते, पण सणाचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. मग आले मिशनरी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होतं. त्यांनी मुंबईत आणि कोकणात मराठी शाळा काढल्या, त्यात बेने इस्रायलांची मुलं बसू लागली, काही शाळांवर शिक्षकही त्यांचेच. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं गिरगाव चौपाटीवर कॉलेज आहे. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. त्यांचा हेतू उघड होता, ही मुलं ख्रिस्ती व्हावीत. झालं काय? मुलं हिब्रू शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली, आणि आपलाच धर्म त्यांना नव्यानं सापडला. ख्रिस्ती फारच थोडे झाले. शिकवणाऱ्याचा हेतू पाहून शाळा टाळायची, की हेतू ओळखून शिक्षण घ्यायचं? त्यांनी दुसरा मार्ग घेतला. आपल्याकडे त्याच शतकात पहिल्या मार्गावर बरीच वर्षं गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच सुमारास कोचीनहूनही यहुदी शिक्षक आले आणि त्यांनी प्रार्थनेची रीत शिकवली. मग समाजातलीच माणसं उभी राहिली. जोसेफ इझिकेल राजपूरकर डेव्हिड ससूनच्या शाळेत बराच काळ मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. कीर्तन हा प्रकार तर आपण फक्त देवळातला समजतो. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बेने इस्रायलांसाठी मराठी कीर्तन सुरू केलं. इब्राहिम, युसुफ, मुसा यांच्या कथा, साकी-दिंडीच्या चालीत. बायका-मुलं ऐकायला बसायची, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही धर्म कळू लागला.

आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी शाळा काढली. नाव 'इस्रायलाइट स्कूल'. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू, तिन्ही. मराठी घरातली, इंग्रजी नोकरीची, हिब्रू प्रार्थनेची. एकाच वर्गात तिन्ही चालत, धर्म शिकायला वेगळं दार नव्हतं. शाळा शनिवारी बंद आणि रविवारी चालू. मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल पाहा. सगळं शहर रविवारी थांबतं आणि आपण शनिवारी. माझा वेगळेपणा लाजायचा नाही, तो शाळेच्या वेळापत्रकात छापलेला आहे. जुम्म्याच्या नमाजला अर्धा तास मागताना आपली मुलं कशी मान खाली घालून उभी राहतात, ते मी रोज पाहते.

पुढे हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीनं शाळा मोठी झाली आणि त्यांचं नाव लागलं. पण माझ्या लेखी ती शाळा एका बाईंची आहे. रिबेका रूबेन. १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात त्या पहिल्या आल्या, मुलामुलींत मिळून. तेव्हा मुंबई इलाख्यात मॅट्रिकला बसणाऱ्या मुली फार थोड्या. इंग्लंडला जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी ही शाळा चालवली. मागच्या रांगेत बसलेल्या मुलींनो, हे नाव लिहून ठेवा. एवढ्याशा समाजानं आपली शाळा एका बाईच्या हाती दिली.

सगळं छान छान होतं असं समजू नका. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानत नव्हते. १८३६ मध्ये बगदादींनी अर्ज केला होता, की कबरस्तानात आमच्या आणि त्यांच्या मध्ये भिंत घाला. मेल्यावरही भिंत! आणि खुद्द बेने इस्रायलांमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असा भेद, त्यांच्यात लग्नं होत नसत. अश्रफ आणि पसमांदा हे शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना मी जास्त समजावून सांगत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा विषय घेतला तिच्याकडे येते. तो म्हणजे मुसांचा सण. यहुदी त्याला पेसाह म्हणतात. बेने इस्रायलांच्या जुन्या बोलीत 'अनशी ढाकायचा सण', आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा. फिरऔनच्या गुलामीतून हजरत मुसांनी लोकांना सोडवलं, त्याची ही आठवण. निघायची इतकी घाई झाली की पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, म्हणून आठ दिवस आंबलेलं काही खायचं नाही, बिनखमिराची पोळी खायची. पहिल्या रात्री सगळं घर ताटाभोवती बसतं. ताटात कडू पाला, तो गुलामीच्या कडूपणाचा. द्राक्षारसाच्या जागी आपल्याकडचे बेने इस्रायल मनुका भिजवून त्याचं सरबत करतात.

आणि हा सगळा विधी सुरू कसा होतो? घरातलं सर्वांत लहान मूल प्रश्न विचारतं. रोजची भाकरी आज कुठे गेली? हा कडू पाला कशासाठी? त्यानं विचारल्याशिवाय मोठ्यांनी गोष्ट सुरू करायची नाही. मूल लाजलं तर त्याला शिकवून, पाठ करून घेऊन विचारायला लावतात. त्या रात्री वाचायचं जे पुस्तक आहे, हग्गादा, त्यात चार प्रकारची मुलं सांगितली आहेत. एक हुशार, तो बारकावे विचारतो. एक उर्मट, तो म्हणतो तुमचं हे काय चाललंय. एक साधा, त्याला एवढंच कळतं की काहीतरी वेगळं आहे. आणि चौथा, ज्याला विचारताच येत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं. उर्मट मुलालाही ताटावरून उठवायचं नाही. आणि चौथ्यासाठी बापानं स्वतः तोंड उघडायचं.

हा हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह छापला गेला. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या प्रतीत तर चित्रं आहेत, साड्या नेसलेल्या बायका पोळ्या लाटताहेत. फिरऔनच्या गुलामीतून सुटलेली माणसं कोकणातल्या बायकांसारखी दिसतात! मुलाला कळायचं, ही गोष्ट दुसऱ्या कुणाची नाही, आपल्या आजीची आहे.

ही गोष्ट आपलीही आहे. मुहर्रमच्या दहा तारखेचा रोजा आपण का धरतो? हदीसमध्ये आलं आहे, की पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी त्या दिवशी रोजा धरताना दिसले. कशासाठी, असं विचारल्यावर कळलं, अल्लाहनं मुसांना आणि त्यांच्या लोकांना वाचवलं त्याची शुक्रगुजारी. तेव्हा आपल्या पैगंबरांनी सांगितलं, की मुसांवर आमचा हक्क जास्त आहे, आणि स्वतः रोजा धरला. आधी विचारलं, मग धरला. हे मी आमच्या शाळेतल्या मुलांना सांगितलं, तर पाचातल्या चारांना आशूरा म्हणजे फक्त करबला एवढंच माहीत होतं. करबला माहीत असायलाच हवं. पण मुसा कुठे गेले?

आमच्या घरातली एक छोटी मकतबमध्ये जाते. कुठल्या, ते सांगत नाही. तिनं एकदा शिकवणाऱ्यांना विचारलं, की सूरा फीलमध्ये हत्ती का आहेत? उत्तर मिळालं, "सबक याद कर, सवाल मत कर." तिनं सबक पाठ केला, चांगला केला. पण त्यानंतर ती घरीही विचारेनाशी झाली. चौथं मूल जन्माला येत नाही, ते असं तयार होतं. पाठांतराला मी कमी लेखत नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलाची मेहनत मला माहीत आहे. पण हत्तींची गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती मराठीत सांगितली तर पाप लागत नाही. शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुरआन फारसीत आणला, त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी त्याच शतकाच्या शेवटी उर्दूत आणला. तेव्हाही लोक बिथरले होते. आता मराठीतही अनुवाद आहेत. तुमच्या घरात आहे का, एवढंच विचारते.

माझगावच्या शाळेचं पुढे काय झालं? स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल वीसेक हजार होते. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. तिथे त्यांनाच तुम्ही खरे यहुदी का, असं विचारलं गेलं, धरणी धरावी लागली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांना पूर्ण यहुदी मानलं. तिथे ते अजून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत आले. इथे उरले चार-पाच हजार. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणजे सरकारी कागदावर ते आणि आपण एकाच रकान्यात.

शाळांचे वर्ग रिकामे झाले. बंद करून जागा विकता आली असती, मुंबईत जागेला काय भाव आहे ते सांगायला नको. माझगावची शाळा चालू राहिली, आसपासच्या इतर धर्मांच्या मुलांनी भरली. भायखळ्याला मागेन डेव्हिड या प्रार्थनाघराच्या आवारात जेकब ससूनच्या नावाची शाळा आहे, तिथे आता जवळजवळ सगळी मुलं मुसलमान आहेत. नागपाडा, मदनपुरा, मोमिनपुरा इथली. कोलकात्यात १८८१ मध्ये ज्युईश गर्ल्स स्कूल निघालं. तिथेही आता बहुसंख्य मुली मुसलमान. काही हिजाब घालून येतात, आणि गणवेशावर बिल्ला असतो दाऊदच्या ताऱ्याचा, सहा टोकांचा. आईबाप काही ऐक्याचं भाषण देऊन मुलींना तिथे पाठवत नाहीत. शाळा चांगली आहे, जवळ आहे, मुलींसाठी सुरक्षित आहे, म्हणून पाठवतात. मला हे कारण भाषणापेक्षा भक्कम वाटतं.

मग आपण उमरेडला काय करायचं? मदरसा काढा, शाळा काढा असं मी सांगत नाही, तेवढा पैसा आपल्यात कुणाकडे आहे ते मला ठाऊक आहे. मी दोनच गोष्टी मागते. मुहर्रमच्या नऊ तारखेला संध्याकाळी मुलांना एकत्र बसवायचं, मुसांची आणि हुसैन यांची, दोन्ही गोष्टी मराठीत सांगायच्या, आणि गोष्ट मुलांच्या प्रश्नानं सुरू करायची. शेजारच्या मुलांनाही बोलवा, त्यांनाही प्रश्न असतात. दुसरं, मकतबमध्ये आठवड्यातून एक अर्धा तास फक्त प्रश्नांचा ठेवावा, हे आपल्या हाफिजसाहेबांशी अदबीनं बोलायचं. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. नाही म्हणाले तर तो अर्धा तास माझ्या घरी, रविवारी दुपारी चारला. सतरंजी माझी, नाश्ता तुम्ही आणा. गोष्ट सांगायला तीन जण हवेत, दोन मुली आणि एक मुलगा. वही पुढे पाठवते आहे, नाव आणि फोन नंबर लिहा, आणि ज्यांना मराठी वाचायची सवय सुटली आहे त्यांनी तसं नावापुढे लिहा, म्हणजे गोष्ट आधी दोनदा वाचून घेता येईल.